नवीन रॅम लावली आणि पीसी अडखळायला लागला? आधी टेस्ट करा

लग्नसराई जवळ आली की निपाणी, चिकोडी, खानापूरकडच्या डीटीपीवाल्यांचं एक ठरलेलं, पीसीची रॅम वाढवायची. पत्रिका मराठीतपण आणि कन्नडमधेपण, वर कोरलड्रॉ, फोटोशॉप, ब्राऊजर सगळं एकदम उघडं, ८ जीबी पुरतच नाही, मग बेळगावला जाऊन अजून एक ८ ची स्टिक आणून लावायची. १६ जीबी दिसते, सगळे खूश. आणि मग कधीतरी काम ऐन रंगात असताना निळा स्क्रीन, त्यावर मेमरी मॅनेजमेंट असं काहीतरी. लगेच सगळे म्हणतात, स्टिक खराब दिली की हो.

खराब असेलही, पण निळा स्क्रीन आला म्हणजे नशीब चांगलं समजा, कारण मेमरीची खरी वाईट चूक दिसतच नाही.

रॅममधला एक बिट म्हणजे एक ट्रान्झिस्टर आणि एक अतिबारीक कपॅसिटर. ही रचना आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांची, पेटंट १९६८ चं, आणि आजही मूळ तेच चालू आहे. कपॅसिटरमधे चार्ज आहे की नाही यावरून १ का ० ते ठरतं. पण हा चार्ज सतत गळत असतो, म्हणून साधारण दर ६४ मिलिसेकंदांत बिटांची प्रत्येक ओळ वाचून परत भरावी लागते. ८ जीबीत असे ६,८०० कोटींच्या वर बिट आहेत. त्यातला एखादाच जास्त गळका निघाला तर काय होईल ते त्या जागी त्यावेळी काय ठेवलंय त्यावर अवलंबून. विंडोजचा स्वतःचा कोड असेल तर निळा स्क्रीन, फोटो असेल तर एक ठिपका बिघडेल, झिप फाईल असेल तर ती उघडणारच नाही. आणि अक्षर असेल तर? युनिकोडमधे 'क' आणि 'ग' यांच्यात फक्त एका बिटाचा फरक आहे, कन्नडमधेपण तसंच. म्हणजे एक बिट १ चा ० झाला की नवरीचं नाव गीताचं कीता होतं आणि तुम्ही सेव्ह केलं की ते तसंच डिस्कवर जातं, कुठलीही वॉर्निंग न येता. म्हणून माझं म्हणणं एवढंच, टेस्ट केल्याशिवाय त्या पीसीवर कामाची एकही फाईल सेव्ह करू नका.

टेस्टसाठी मेमटेस्ट८६ प्लस वापरा, फुकट आहे, पेनड्राईव्हवरून चालतं, विंडोज सुरू न करताच. विंडोजची स्वतःची मेमरी टेस्टपण आहे पण तिच्यातून काही चुका सुटतात. रात्रभर चालू द्या, मात्र मधेच लाईट गेली तर सगळं पहिल्यापासून, त्यामुळे इन्व्हर्टरवर असेल तर बरं. एक एरर आली तरी ती जास्तच. कधीतरी कॉस्मिक किरणांमुळेपण बिट उलटतो हे खरं आहे, पण तीच जागा परत परत चुकत असेल तर आकाशाला दोष देऊ नका.

आता दोष कुणाचा ते शोधायचं. एररचा पत्ता बघून स्टिक ओळखायला जाऊ नका, कारण ड्युअल चॅनलमधे, म्हणजे दोन स्टिक जोडीनं चालतात तेव्हा, पत्ते दोन्ही स्टिकमधे वाटलेले असतात. पीसी बंद करून वायर काढा, कॅबिनेटच्या धातूला हात लावून अंगातली स्टॅटिक घालवा आणि एकच स्टिक एकाच स्लॉटमधे ठेवून टेस्ट करा, मग त्याच स्लॉटमधे दुसरी. एकच स्टिक सारखी चुकत असेल तर तीच दुसऱ्या स्लॉटमधे बघा. तिथंपण चुकली तर स्टिक गेली, तिथं पास झाली तर स्लॉट नाहीतर नुसते कॉन्टॅक्ट. आपल्याकडचा पावसाळा माहितीच आहे, खानापूर भागात तर चार महिने सगळं दमट, त्यात धूळ, कॉन्टॅक्ट खराब होतातच. आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा, वाळू द्या, परत नीट खट्ट आवाज येईपर्यंत बसवा.

आणि दोन्ही स्टिक एकेकट्या पास, एकत्र लावल्या की नापास, असं झालं तर? हे फार होतं आणि इथंच लोक चांगली स्टिक उगाच परत करतात. आजकाल मेमरी कंट्रोलर, म्हणजे रॅम सांभाळणारा भाग, प्रोसेसरच्या आत असतो आणि स्टिक वाढल्या की त्याच्यावरचा भार वाढतो. शिवाय बऱ्याच डीडीआर४ स्टिकवर ३२०० लिहिलेलं असतं ते एक्सएमपी प्रोफाईल (जास्त स्पीडची तयार सेटिंग) चालू करून, १.३५ व्होल्टवर. ते प्रोफाईल बंद असेल तर अशी स्टिक १.२ व्होल्टवर २१३३, २४०० नाहीतर २६६६ ला चालते. जुनी एक कंपनीची, नवी दुसरीची, आणि एक्सएमपी चालू, मग एरर यायची शक्यता वाढतेच की. बायोसमधे, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या पीसीच्या सेटिंगमधे, जाऊन एक्सएमपी बंद करा आणि परत टेस्ट लावा. शून्य एरर आल्या तर स्टिक चांगली आहे, जोडी त्या स्पीडला जमत नव्हती एवढंच. थोडा स्पीड कमी झाला तर पत्रिकेच्या कामात तो कळतसुद्धा नाही.

स्टिकच खराब निघाली तर मेमटेस्टच्या लाल ओळींचा फोटो काढून बिलासकट दुकानात दाखवा, बदलून घ्यायला सोपं जातं. मग टेस्ट स्वच्छ आल्यावर विंडोजमधे कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून एसएफसी स्कॅननाऊ (sfc /scannow) ही कमांड चालवा, म्हणजे सिस्टिमच्या बिघडलेल्या फाईली दुरुस्त होतात. तुमच्या स्वतःच्या फाईली मात्र ती बघत नाही, नवी रॅम लावल्यापासून जे जे सेव्ह केलंय ते उघडून वाचायला लागेल, पत्रिका तर प्रेसला द्यायच्या आधी नाव न् नाव, तारीख न् तारीख.