कॉट बेसिस ते को-लिव्हिंग : 'राहतं घर' कशाला म्हणायचं?

शिकायला बाहेरगावी आलेल्यांची राहण्या-जेवण्याची सोय हा विषय जुनाच. माधुकरी, वार लावून जेवणं, बोर्डिंगं हे सगळ्यांना माहितीय, त्यात जात नाही. पुण्यात आता को-लिव्हिंग म्हणून जे मिळतं, म्हणजे वर खोल्या, खाली कॅफे, मधे लॅपटॉप घेऊन बसायला हॉल, ते पेठांमधे आधीपासूनच होतं, फक्त एका बिल्डिंगमधे नव्हतं. 1983 ला राज्यात विनाअनुदानित कॉलेजांना परवानगी मिळाली, बाहेरगावची पोरं लोंढ्याने यायला लागली, होस्टेलं पुरेनात, आणि कॉट बेसिस फोफावलं. खोली नाही, कॉट भाड्याने. पुढे स्पर्धा परीक्षावाले आले तसं सदाशिव, नारायण पेठेत कॉट एका वाड्यात, मेस दुसरीकडे, अभ्यासिका तिसऱ्या गल्लीत. कॉटखाली बॅग, दोरीवर टॉवेल, तिथे फक्त झोपायचं. दिवस सगळा अभ्यासिकेत, महिन्याच्या भाड्याच्या खुर्चीवर, घरून आणलेली उशी पाठीला लावून. को-लिव्हिंग डिझाइन करणाऱ्यांनी आधी ती खुर्ची बघावी असं मला मनापासून वाटतं.

खरा घोळ झाला तो जीएसटीमुळे. राहत्या घराच्या भाड्याला कर माफ, मग होस्टेल हे राहतं घर आहे का? बंगळुरूत 42 खोल्यांची एक बिल्डिंग एका कंपनीला भाड्याने दिलेली, कंपनीने ती पुढे विद्यार्थ्यांना आणि नोकरदारांना दिली. करवाले म्हणाले हे घर नाही. 2022 च्या फेब्रुवारीत कर्नाटक हायकोर्टाने सांगितलं, पोरं तिथे राहतात, झोपतात, जेवतात, म्हणजे घरच आहे. पण त्याच जुलैत रोजच्या 1000 रुपयांपर्यंतच्या खोल्यांना असलेली वेगळी माफी गेली, आणि 2023 ला कर्नाटकातच दुसऱ्या एका प्रकरणात, कोर्टाचा नव्हे तर जीएसटीच्या प्राधिकरणाचा, उलटा निर्णय आला, 12 टक्के कर लावा. कारणं काय, तर नात्यात नसलेली माणसं एका खोलीत राहतात, प्रत्येकाला वेगळं स्वयंपाकघर नाही आणि बिल बेडप्रमाणे निघतं. म्हणजे कॉट बेसिस हाच गुन्हा! ज्या सामायिक स्वयंपाकघरामुळे परक्या गावात चार पोरांचं घर होतं, तेच घर नसल्याचा पुरावा ठरलं, हे मला तेव्हाही पटलं नव्हतं आणि आजही पटत नाही. आधीच घरून मोजके पैसे येणाऱ्यांना दर महिन्याला हा भुर्दंड.

2024 च्या जूनमधे तोडगा निघाला. माणशी महिना 20,000 रुपयांपर्यंत भाडं आणि सलग किमान 90 दिवस मुक्काम असेल तर माफी. खोल्या एकट्याच्या की चौघांच्या, स्वयंपाकघर एक की दहा, हा प्रश्नच त्यात उरला नाही, त्यामुळे कॉमन किचन आणि अभ्यासिका काढताना आर्किटेक्टला निदान या कराची धास्ती नाही. फक्त पूर्वपरीक्षेआधी दोन महिन्यांसाठी गावाकडून येऊन कॉट घेणारे या 90 दिवसांत बसत नाहीत.