धमनी ते मांडवी : फाट्यांतून वाहणाऱ्या प्रवाहाच्या गणिताची पार्श्वभूमी

हृदयातून निघालेले रक्त फिरून हृदयातच येते, हे विल्यम हार्वे यांनी १६२८ मध्ये मांडले. धमन्यांतले रक्त शिरांत पोचते कसे, हे मात्र त्यांना पाहता आले नाही. मधल्या केशवाहिन्या मार्चेल्लो माल्पिगी यांना १६६१ मध्ये बेडकाच्या फुप्फुसात सूक्ष्मदर्शकाखाली दिसल्या. मग गणिताचा प्रश्न आला: एका वाहिनीला असंख्य फाटे फुटले, तर कोणाच्या वाट्याला किती प्रवाह?

फाट्यापाशी हिशेब सरळ आहे. आले तेवढे गेले पाहिजे. कोडे होते ते एकेका नळीचे. पॅरिसचे डॉक्टर प्वाझय यांनी अतिशय बारीक काचनळ्यांतून पाणी सोडून चिकाटीने मोजमापे घेतली. पणजीत १८४२ मध्ये वैद्यकीय शिक्षणाची शाळा उघडली, जिचा वारसा आज बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय (गोमेकॉ) चालवते. प्वाझय यांचे काम त्याच सुमाराचे. त्यांना आढळले की दाब तोच असेल तर प्रवाह त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात बदलतो. नळीचा व्यास निम्मा झाला की प्रवाह सोळाव्या हिश्श्यावर येतो! बारीक धमन्या किंचित आवळून शरीर एखाद्या अवयवाचा रक्तपुरवठा झपाट्याने कमी करू शकते, ते यामुळेच.

सेसिल मरे यांनी १९२६ मध्ये पुढची पायरी गाठली. वाहिनी अरुंद असेल तर रक्त ढकलायला ऊर्जा जास्त लागते. रुंद असेल तर जास्तीचे रक्त पोसावे लागते. दोन्ही खर्चांची बेरीज किमान ठेवायची, तर मूळ वाहिनीच्या त्रिज्येचा घन हा फाट्यांच्या त्रिज्यांच्या घनांच्या बेरजेइतका हवा. दोन सारखे फाटे असतील, तर प्रत्येकाची त्रिज्या मूळच्या सुमारे ७९ टक्के येते. मला या इतिहासातला हा सर्वांत देखणा निष्कर्ष वाटतो.

हे सारे संथ, एकसारख्या प्रवाहाचे. नाडी तर ठोके देते. लवचीक नळीतल्या प्रवाहाची समीकरणे ऑयलर यांनी १७७५ मध्येच लिहिली होती. ती सुटली नाहीत आणि छापून आली थेट १८६२ मध्ये. ठोक्यागणिक बदलणाऱ्या प्रवाहाचे वापरण्याजोगे सूत्र वूमर्सली यांनी १९५५ मध्ये दिले.

गोव्यात हेच गणित खाड्यांत भेटते. वस्तुमान आणि संवेग (वस्तुमान गुणिले वेग) यांची तशीच समीकरणे घेऊन दोनापावलच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील संशोधकांनी १९९० च्या दशकात मांडवी-जुवारीच्या भरतीचे प्रारूप केले. भरतीची उंची मुखापासून सुमारे ४० किलोमीटर आत जवळपास तेवढीच टिकते, कारण घर्षणाने ती जितकी घटते, तितकीच अरुंद होत जाणाऱ्या पात्राने वाढते. शिवाय कुंभारजुव्याचा कालवा या दोन्ही नद्या जोडतो, त्यामुळे इथे नुसत्या फांद्या नाहीत, वळसाही आहे. मेंदूच्या तळाशीही थॉमस विलिस यांनी १६६४ मध्ये वर्णिलेले धमन्यांचे कडे असेच आहे. अशा जाळ्यात एकेक फाटा सुटा सोडवता येत नाही. कालव्यातले पाणी कुठल्या दिशेला जाईल, हे दोन्ही टोकांच्या पातळ्यांवर ठरते, म्हणून सगळी समीकरणे एकदम सोडवावी लागतात.