टॅब घ्यायचाय? आधी अक्षर मोजा

हातात फोन आहे, टेबलावर लॅपटॉप आहे; मग तिसरं उपकरण कशाला? २७ जानेवारी २०१० रोजी पहिला आयपॅड दाखवताना स्टीव्ह जॉब्ज यांनीही आधी हाच प्रश्न मांडला होता. काही कामं या दोघांपेक्षा बरीच चांगली होत असतील तरच मधल्या उपकरणाला जागा आहे, असं त्यांचं म्हणणं. कसोटी आजही चोख आहे. फक्त ती प्रोसेसरला लावत बसण्यापेक्षा अक्षराच्या आकाराला लावावी.

समजा, ए-४ कागदासाठी मांडलेली एक पीडीएफ आहे, मजकूर १२ पॉइंटचा. साडेसहा इंची फोन उभा धरला तर पडद्याची रुंदी पावणेतीन इंचही भरत नाही. ए-४ ची रुंदी सव्वाआठ इंच. पान एक-तृतीयांश होतं आणि १२ पॉइंटचं अक्षर ४ पॉइंटवर येतं. फोन आपण कागदापेक्षा जवळ धरतो हे खरं, पण ४० ऐवजी ३० सेंटिमीटरवर धरला तरी ते अक्षर डोळ्याला सव्वापाच पॉइंटइतकंच भासतं. देवनागरीचे हाल तर विचारू नका: रफार, अनुस्वार, जोडाक्षरं सगळी एकमेकांत मिसळतात. मग बोटांनी पान मोठं करा, ओळीमागे उजवीकडे सरका, पुन्हा डावीकडे या. तेच पान ४:३ आकाराच्या ११ इंची टॅबवर अख्खं मावतं आणि अक्षर ९ पॉइंटचं राहतं. टॅबचा कर्ण फोनच्या दुप्पटसुद्धा नसतो, पण क्षेत्रफळ साडेतीन पटींच्या वर जातं. एक तर क्षेत्रफळ कर्णाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं, त्यात फोन पडला लांबुळका.

हा लाभ ठरावीक मांडणीच्या पानांपुरता आहे: पाठ्यपुस्तकं, शोधनिबंध, नकाशे, चित्रकथा. बातम्या आणि बहुतेक ई-पुस्तकांचा मजकूर पडद्याच्या रुंदीप्रमाणे आपोआप जुळतो. तेवढ्यासाठी टॅब घेणं ही हौस झाली. हौसेला हरकत नाही, तिला गरज म्हणू नये एवढंच. आणि दिवसभर टाइप करायचं असेल तर लॅपटॉपच बरा.

आता जुना टॅब असताना नवा घ्यावा का? पडद्याच्या बारीकपणासाठी तर नकोच. निरोगी डोळा साधारण एका अंशाच्या साठाव्या भागाइतकं अंतर वेगळं ओळखतो. ४० सेंटिमीटरवर हे अंतर ०.१२ मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे इंचाला सुमारे २२० ठिपके. २०१२ च्या आयपॅडमध्ये इंचाला २६४ पिक्सेल होते आणि २०२४ च्या आयपॅड प्रोमध्येही तेवढेच आहेत. वाढवून दिसणार कुणाला?

पेनने लिहिणाऱ्यांची गोष्ट मात्र वेगळी. नेहमीचा टचस्क्रीन बोटामुळे विद्युतक्षेत्रात होणारा बदल टिपतो, आणि टेकवलेला तळहातही त्याला बोटासारखाच वाटतो. म्हणून चांगलं पेन स्वतःची ओळख सांगणारा संकेत पाठवतं. डिजिटल पेन बनवणाऱ्या वॅकॉम कंपनीच्या पद्धतीत तर पडद्यामागच्या तारांच्या जाळीतून येणाऱ्या चुंबकीय क्षेत्रावरच पेन चालतं, त्यात बॅटरी नसते. खरी अडचण विलंबाची. हात सेकंदाला २० सेंटिमीटर वेगाने फिरत असेल आणि रेघ उमटायला ५० मिलिसेकंद लागले, तर रेघ टोकाच्या एक सेंटिमीटर मागे राहते. सेकंदाला ६० ऐवजी १२० वेळा चित्र बदलणारा पडदा यातला काही भाग कमी करतो. चित्रकाराला किंवा हाताने टिपणं काढणाऱ्याला हा फरक लगेच जाणवतो. वाचणाऱ्याला फार तर पान सरकवताना.

बाकी जुना टॅब मुख्यतः दोन गोष्टींनी निवृत्त होतो: बॅटरी आणि अपडेट. अ‍ॅपलच्या सांगण्यानुसार आयपॅडची बॅटरी १,००० पूर्ण फेऱ्यांनंतरही मूळ क्षमतेच्या ८० टक्के टिकावी अशी बनवलेली असते. दोन दिवस निम्मी-निम्मी वापरली की एक फेरी मोजायची. म्हणजे हलक्या वापरात साडेपाच वर्षं सहज निघतात, उष्णतेत ठेवली नाही तर. बॅटरीच दमली असेल तर ती बदलून मिळते का ते पाहावं, कारण टॅबच्या आयुष्यभराच्या कार्बन उत्सर्जनातला मोठा वाटा तो बनतानाच होऊन गेलेला असतो. शिवाय २०२२ मध्ये जगात ६.२ कोटी टन ई-कचरा झाला आणि त्यातल्या जेमतेम २२ टक्क्यांचाच रीतसर पुनर्वापर झाल्याची नोंद आहे.

सुरक्षा अपडेट बंद झाले असतील तर बँकेचे व्यवहार त्या टॅबवर करू नयेत. उतरवून ठेवलेल्या पीडीएफ वाचायला तो अजून चालेल.