राउटरची विचारपूस कोणत्या वाटेने?

डेटा वाहून नेणारे राउटर आणि स्विच बहुतेक वेळा कुलूपबंद खोल्यांत असतात, आणि त्यांना सांभाळणारा माणूस भलतीकडेच. तब्येत कशी आहे, हे त्या यंत्रांनाच विचारावं लागतं. त्यासाठी १९८८ साली एसएनएमपी नावाची एक साधी पद्धत ठरली. सुधारत सुधारत ती आजही वापरात आहे.

उपकरणात एजंट नावाचा एक छोटा प्रोग्रॅम बसलेला असतो. देखरेखीचा सर्व्हर ठरावीक वेळाने त्याला प्रश्न पाठवतो. प्रत्येक नोंदीला अंकांचा पत्ता असतो: १.३.६.१.२.१.२.२.१.१० आणि पुढे पोर्टचा, म्हणजे तार जोडायच्या खाचेचा, क्रमांक, असं विचारलं की त्या पोर्टमधून किती बाइट आत आले ते कळतं. काही बिघडलं तर एजंट विचारण्याची वाट न बघता स्वतःहून निरोप धाडतो, त्याला ट्रॅप म्हणतात.

गंमत त्या बाइटच्या आकड्यात आहे. वेग किती, हे एजंट सांगत नाही. तो फक्त मोजत राहतो. दोन वेळचे आकडे घ्यायचे, वजाबाकी करायची आणि मधल्या सेकंदांनी भागायचं. मूळ काउंटर ३२ बिटांचा. ४,२९,४९,६७,२९५ पर्यंत गेला की पुन्हा शून्यावर येतो. सेकंदाला एक गिगाबिटची लाइन भरून वाहत असेल, तर हा फेरा सुमारे ३४ सेकंदांत पुरा होतो. सर्व्हर पाच मिनिटांनी विचारत असेल, तर तोवर काउंटर आठ वेळा शून्यावर येऊन गेलेला असतो. लाइन तुडुंब, आणि आलेखावर मात्र किरकोळ वर्दळ! म्हणून ६४ बिटांचे काउंटर आले. त्याच वेगाने ते भरायला साडेचार हजारांहून जास्त वर्षं लागतील.

एसएनएमपीतून नुसतं विचारता येतं असं नाही, सेटिंगही बदलता येतं. सुरुवातीच्या आवृत्त्यांत त्याचा पासवर्ड उघडाच तारेवरून जायचा. तिसऱ्या आवृत्तीत ओळख पटवणं आणि एन्क्रिप्शन आलं. जुन्या आवृत्तीवर लिहिण्याची, म्हणजे सेटिंग बदलण्याची, परवानगी उघडी ठेवणं मला तरी अक्षम्य वाटतं.

खरी मेख मात्र वेगळीच आहे. ज्या नेटवर्कची देखरेख करायची, त्याच नेटवर्कवरून आपले प्रश्न आणि हुकूम जात असतील, तर ते बंद पडताच आपण आंधळेही होतो आणि लुळेही. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुकचं असंच झालं. देखभालीच्या कामात दिलेल्या एका कमांडने त्यांच्या डेटा सेंटरांना जोडणारं जाळंच तुटलं. चुकीच्या कमांड अडवणाऱ्या प्रोग्रॅममध्येही दोष होता, त्यामुळे ती अडली नाही. आणीबाणीसाठी राखलेली वेगळी वाटसुद्धा चालेना. शेवटी इंजिनिअरांना डेटा सेंटरमध्ये प्रत्यक्ष जावं लागलं, आणि सेवा सुमारे सहा तास बंद राहिली.

वेगळी वाट म्हणजे राउटरच्या कन्सोल पोर्टला (थेट तार जोडून हुकूम द्यायच्या खाचेला) जोडलेला कन्सोल सर्व्हर, म्हणजे त्या खाचेपर्यंत दुरून पोहोचवणारं यंत्र, आणि त्याला दुसऱ्याच कंपनीची लाइन किंवा मोबाइल मोडेम. तिथे लॉगिन होण्यासाठी मुख्य नेटवर्कवरचाच डीएनएस (नावावरून यंत्राचा पत्ता सांगणारा सर्व्हर) किंवा पासवर्ड तपासणारा सर्व्हर लागत असेल, तर ती वाट नावापुरतीच वेगळी. हे कागदावर कळत नाही. मुख्य लाइन मुद्दाम काढून आत शिरता येतं का, ते बघावं लागतं.

दुसरा आधार कमांडमध्येच असतो. ज्युनिपर या कंपनीच्या राउटरवर ‘कमिट कन्फर्म्ड’ दिलं की बदल लगेच लागू होतो, पण दहा मिनिटांत पक्का केला नाही, तर राउटर आपणहून जुन्या सेटिंगवर परततो. बदलामुळे तुमचाच संपर्क तुटला, तर पक्का करायला तुम्ही पोहोचूच शकत नाही, आणि म्हणूनच राउटर परत हाताशी येतो.