पेव्हर ब्लॉकखालचे अंगण

नाशिकमध्ये पाथर्डी फाटा, म्हसरूळ किंवा गंगापूर रोडच्या पुढच्या नव्या वसाहतींत बंगल्यांच्या आणि रो-हाउसच्या अंगणांत कुंपणभिंतीपासून जोत्यापर्यंत बसवलेले लाल-करडे पेव्हर ब्लॉक आता सर्रास दिसतात. त्यांतली काही अंगणे कित्येक पावसाळे काढूनही एका पातळीत राहतात, तर काहींत दुसऱ्याच वर्षी गाडीच्या चाकोऱ्या उमटतात, फाटकाजवळचे ब्लॉक डुगडुगू लागतात आणि तुळशीवृंदावनाच्या कडेने पाणी साचते. घरमालक अशा वेळी ब्लॉकच्या दर्जाला दोष देतो. पण दोष बहुतेक वेळा ब्लॉकच्या खाली असतो, नाहीतर दोन ब्लॉकांच्या मधल्या फटीत.

याचा अंदाज एका साध्या हिशेबाने येतो. पेव्हर ब्लॉकसाठीच्या आयएस १५६५८ या भारतीय मानकानुसार जिथे वाहन येत नाही तिथे एम-३० दर्जाचे ५० मिलिमीटर जाडीचे आणि हलक्या वाहतुकीसाठी एम-३५ दर्जाचे ६० मिलिमीटर जाडीचे ब्लॉक सुचवलेले आहेत. एम-३५ याचा अर्थ २८ दिवसांच्या वयाला प्रत्येक चौरस मिलिमीटरवर ३५ न्यूटन दाब सोसू शकणारे काँक्रीट. मोटारीच्या टायरमधली हवा साधारण ३० पौंडांची (दर चौरस इंचाला) असते, म्हणजे जमिनीवर येणारा दाब प्रति चौरस मिलिमीटर ०.२ न्यूटनच्या आसपास. ब्लॉकची दाब सोसण्याची ताकद टायरच्या दाबाच्या दीडशे पटींहून जास्त आहे. अंगणातला ब्लॉक गाडीच्या वजनाने चिरडला जाणे त्यामुळे जवळपास अशक्य असते. तो खचतो, सरकतो किंवा कलतो, आणि या तिन्ही गोष्टींची कारणे ब्लॉकच्या बाहेर शोधावी लागतात.

तरीही एक ब्लॉक हातात घेऊन निरखण्यासारखा असतो. वरच्या कडा किंचित तिरक्या तासलेल्या दिसतात. कडा काटकोनात ठेवल्या तर शेजारचे दोन ब्लॉक एकमेकांवर दाबले जाताच त्यांचे टवके उडतात. बाजूंवर दोनेक मिलिमीटर उंचीच्या उभ्या रेघा असतात. ब्लॉक कितीही दाटीने बसवले तरी त्यांच्यात दोन ते चार मिलिमीटरची फट राहावी, एवढ्यासाठीच त्या असतात. पोलादी साच्यात जेमतेम ओलसर काँक्रीट भरून त्यावर कंपन आणि दाब देऊन काढलेल्या ब्लॉकचा पृष्ठभाग खरबरीत असतो, बाजू सरळ असतात. रबरी साच्यात पातळ काँक्रीट ओतून तयार केलेला ब्लॉक मात्र चकचकीत दिसतो, त्याच्या बाजू साच्यातून सुटण्यासाठी थोड्या कललेल्या असतात आणि त्यामुळे फट वर एक मापाची, खाली दुसऱ्या मापाची होते. दुकानात हाच ब्लॉक नजरेत भरतो, हे खरे. पण तो पावसात निसरडा होतो आणि गाडी उभी करण्याच्या जागेसाठी मी तरी तो सुचवणार नाही.

ती दोन-चार मिलिमीटरची फट बारीक, कोरड्या वाळूने गच्च भरणे हा या साऱ्या रचनेचा गाभा आहे. फटी रिकाम्या असतील तर चाकाखाली आलेला ब्लॉक एकटाच दबतो. त्या भरलेल्या असतील तर तो खाली जाताना शेजारच्या चारही ब्लॉकांना सोबत ओढू पाहतो आणि भार वाटला जातो. निव्वळ सुटे कण एवढी पकड कशी देतात, याचे उत्तर ऑस्बोर्न रेनॉल्ड्स या शास्त्रज्ञाने १८८५ मध्ये दिले. दाटीने बसलेल्या वाळूचे कण एकमेकांवरून सरकायचे तर आधी त्यांना शेजाऱ्याच्या पाठीवर चढावे लागते, म्हणजेच सरकताना वाळूचे एकूण आकारमान वाढावे लागते. गणपतीपुळ्याच्या ओल्या किनाऱ्यावर पाऊल दाबले की पावलाभोवतीची वाळू क्षणभर कोरडी पडल्यासारखी दिसते ती याच कारणाने: कणांमधली पोकळी वाढते आणि वरचे पाणी आत शोषले जाते. फटीतल्या वाळूला मात्र फुगायला जागाच नसते. ती दोन्ही बाजूंच्या ब्लॉकांवर रेटा देते, रेटा वाढला की घर्षण वाढते आणि जितका भार अधिक तितकी पकडही घट्ट होते. चांगल्या बसवलेल्या फरसबंदीत वापराच्या पहिल्या काही महिन्यांत वाळू आणखी दाटून बसते आणि पृष्ठभाग आधीपेक्षा ताठ होतो. काँक्रीटच्या अखंड कोब्याबाबत असे कधी घडत नाही.

हा रेटा शेवटी कुठेतरी थोपवावा लागतो. म्हणून कडेला काँक्रीटमध्ये पक्का बसवलेला कर्ब हवा. कडेचा एक ब्लॉक बाहेर सरकला की त्यामागची फट रुंदावते, वाळू ढिली पडते आणि ही ढिलाई आत आत पोहोचते. फाटकाशी, जिथे गाडी वळते आणि ब्रेक लागतो, तिथे आडवा धक्का सर्वांत मोठा असतो. सरळ ओळींत लावलेले ब्लॉक त्या दिशेने हळूहळू सरकतात. एकमेकांना काटकोनात भिडणाऱ्या हेरिंगबोन मांडणीत एकही लांब सलग फट नसल्यामुळे हा धक्का चहूकडे विखुरतो. बाकीच्या अंगणात कोणतीही नक्षी चालेल.

काँक्रीटच्या ब्लॉकांची ही पद्धत नेदरलँड्समध्ये दुसऱ्या महायुद्धानंतर रुजली. तिथे विटांचे रस्ते करण्याची जुनी परंपरा होती, पण युद्धानंतर विटांचा तुटवडा पडला आणि त्यांची जागा काँक्रीटने घेतली. तिथली जमीन मऊ आणि खचणारी असल्याने, तडकण्याऐवजी जमिनीबरोबर किंचित वाकणारी फरसबंदीच सोयीची होती. नाशिकची जमीन खचण्यापेक्षा फुगते, पण गरज तीच आहे.

ब्लॉकच्या लगेच खाली २५ ते ३० मिलिमीटर जाडीचा वाळूचा थर असतो, आणि बहुतेक चुका इथेच होतात. खालच्या भरावाची दबाई उंचसखल झाली असेल तर मिस्त्री तो खोलगटपणा वाळूनेच भरून दोरीला दोरी जुळवून देतो. काम संपते तेव्हा अंगण आरशासारखे सपाट दिसते; पण जिथे वाळूचा थर तीन इंच झाला आहे तिथे ती जास्त बसते आणि पुढे नेमका तिथेच खड्डा पडतो. दुसरी चूक मालाची आहे. क्रश सँडमध्ये, म्हणजे दगड फोडून केलेल्या वाळूत, दगडाची भुकटी जास्त असेल तर पावसाळ्यात तिचा चिखल होतो आणि चाकाच्या प्रत्येक दाबासरशी तो फटींतून वर उसळतो. वर आलेला चिखल वाळलेला दिसला, तर खालचा थर तितकाच रिकामा झाला असे समजावे. तिसरा प्रकार म्हणजे मजबुतीच्या समजुतीने वाळूत सिमेंट मिसळणे. त्याने थर कडक होतो, पाणी खाली जायला वाव राहत नाही आणि जमीन हलली की तो तडकतो. अखंड ताठ फरशीच हवी असेल तर सरळ कोबा करावा. पेव्हर ब्लॉकवर पैसे घालून वर सिमेंटने तो बांधून टाकण्यात अर्थ नाही.

वाळूच्या खाली खडी आणि मुरूम. त्यांचे काम भार पसरवण्याचे आहे. मोटारीच्या एका चाकावर ३०० किलो भार धरला तर तो टायरखालच्या सुमारे १५० चौरस सेंटिमीटर जागेवर, म्हणजे १४ सेंटिमीटर व्यासाच्या वर्तुळाएवढ्या जागेवर येतो. दोनास एक या नेहमीच्या अंदाजाने, म्हणजे दर दोन सेंटिमीटर खोलीला भार प्रत्येक बाजूला एक सेंटिमीटर पसरतो असे धरून, ३० सेंटिमीटर खोलीवर त्या वर्तुळाचा व्यास ४४ सेंटिमीटर होतो आणि दाब दहाव्या हिश्शावर येतो. म्हणूनच फूटभर चांगल्या भरावाने जे साधते ते ब्लॉकची जाडी ६० वरून ८० मिलिमीटर केल्याने साधत नाही. पाण्याचा टँकर आत येणार असेल तर मात्र दोन्ही वाढवावे लागते.

नाशिकमध्ये या भरावाला आणखी एक काम करावे लागते. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसातून बनलेल्या काळ्या पाषाणाची झीज होऊन इथली काळी माती तयार झाली, आणि तिच्यात माँटमोरिलोनाइट गटातली चिकणखनिजे भरपूर असतात. या खनिजांची रचना वहीच्या पानांसारखी पदरांची असते. दोन पदरांत पाणी शिरते तेव्हा ते दूर होतात आणि माती फुगते, पाणी निघून गेले की ती आक्रसते. मे महिन्यात रिकाम्या प्लॉटवर बोट सहज जाईल अशा भेगा पडतात त्या यामुळेच. अंगण झाकले की मधल्या भागातला ओलावा टिकून राहतो, पण कडेची माती पावसाळ्यात भिजते आणि उन्हाळ्यात वाळते. परिणामी कडा वर-खाली होतात आणि मधला भाग जागेवर राहतो. कुंपणालगत मोठा कडुनिंब असेल तर त्या बाजूची माती तो आणखी कोरडी करतो.

उपाय खर्चाचा असला तरी सरळ आहे. काळी माती किमान फूट-दीड फूट काढावी, मुरूम सहा-सहा इंचांच्या थरांत पसरून प्रत्येक थरावर पाणी मारून रोलरने, आणि कोपऱ्यांत हाताने ठोकायच्या धुम्मसने, दबाई करावी आणि त्यावर चार ते सहा इंच खडीचा थर द्यावा. ४० चौरस मीटर अंगणाला एक फूट दाबलेला मुरूम म्हणजे सुमारे सव्वाचार ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट); दबाईत तो बसतो, म्हणून मागवताना पाच ब्रासहून अधिक धरावा. ठेकेदाराच्या कोटेशनमध्ये ब्लॉकचा दर ठळक असतो आणि मुरमाची खोली बहुधा लिहिलेलीच नसते. ती लिहून घ्यावी.

आता पाणी. नाशिक शहरात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस पडतो; इगतपुरीकडे तो याच्या कित्येक पट आहे. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरला एक लिटर, तेव्हा वरच्या अंगणावर वर्षभरात २८,००० लिटर पाणी पडते. नव्या फटींतून त्यातले काही मुरते, परंतु धूळ आणि पालापाचोळा बसत जातो तसे मुरणे मंदावते आणि उरलेले वाहून जाते. म्हणून मीटरमागे दीड ते दोन सेंटिमीटर ढाळ घराच्या उलट दिशेला द्यावा आणि तो शक्यतो रस्त्याकडे न नेता बागेच्या वाफ्याकडे न्यावा. गोदापात्रातल्या काँक्रीटीकरणावर तावातावाने बोलणाऱ्या नाशिककराने आपल्या कुंपणाच्या आतही एकदा पाहायला हरकत नाही.

पाणी मुरवणारी फरसबंदी वेगळी असते. तिच्यात फटी रुंद ठेवतात, त्यांत वाळूऐवजी बारीक कच भरतात आणि खाली भुकटीविरहित, सारख्या आकाराची खडी घालतात. अशा खडीत सुमारे ४० टक्के पोकळी असते, त्यामुळे तिचा फूटभर थर दहा सेंटिमीटरहून अधिक पाऊस तात्पुरता साठवून घेतो. जिथे थोड्या खोलीवर मुरूम लागतो तिथे ही पद्धत उत्तम चालते. खोल काळ्या मातीवर मात्र पाया भिजण्याचा धोका असतो. तिथे भिंतीपासून किमान दहा फूट अंतर सोडून, अंगणाच्या दूरच्या टोकालाच ती करावी. झाडाभोवती तर फरसबंदी नकोच, मोठे आळे मोकळे सोडावे, कारण मुळांना पाण्याइतकीच हवा लागते.

नव्या ब्लॉकवर पहिल्या पावसानंतर पांढरी झाक दिसते, तिला घाबरण्याचे कारण नाही. सिमेंटमधला विरघळलेला चुना पृष्ठभागावर येतो, हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी संयोग पावतो आणि त्याचा कॅल्शियम कार्बोनेट होतो. हा लोणा एक-दोन पावसाळ्यांत आपोआप कमी होतो. घाईने ॲसिड ओतले तर ब्लॉकचा रंगही उतरतो.

पुढे पाण्याची किंवा ड्रेनेजची लाइन दुरुस्त करायची वेळ आली, तर तेवढेच ब्लॉक पट्टीने उचकटून काढता येतात आणि तेच परत बसवता येतात. मात्र चर बुजवताना नुसती माती लोटून भागत नाही: मुरूम पुन्हा थराथराने दाबावा, वाळू नव्याने पसरावी, ब्लॉक शेजारच्यांपेक्षा चार-पाच मिलिमीटर उंच ठेवून मग प्लेट कॉम्पॅक्टरने (कंपन देऊन दाबणाऱ्या यंत्राने) खाली बसवावेत, फटींत कोरडी वाळू झाडूने भरावी आणि पंधरा दिवसांनी ती आणखी एकदा भरावी.