उपकरणांच्या अल्पऊर्जा अवस्था : कर्नल इंटरफेसची रचना

यंत्र चालू असताना त्यातील एखादे उपकरण रिकामे असेल तर त्याला कमी वीज खाणाऱ्या अवस्थेत नेणारी, काम येताच परत उठवणारी आणि हे निर्णय कोणी घ्यायचे ते ठरवणारी कर्नलमधील (कार्यप्रणालीच्या गाभ्यातील) व्यवस्था. सबंध यंत्र झोपवण्याचा विषय वेगळा आहे. येथील विवेचन मुख्यतः लिनक्सचे आहे.

प्रत्येक उपकरणाला स्वतःची ऊर्जा-अवस्था असावी, या कल्पनेच्या उगमाविषयी दोन मते आढळतात. डी-० (पूर्ण चालू) ते डी-३ (बंदप्राय) ही श्रेणी इंटेल, मायक्रोसॉफ्ट व तोशिबा यांच्या डिसेंबर १९९६ मधील एसीपीआय या ऊर्जा-व्यवस्थापनाच्या विनिर्देशापासून मोजण्याचा प्रघात आहे. तथापि इंटेल व मायक्रोसॉफ्ट यांनी १९९२ च्या सुमारास आणलेल्या एपीएम या आधीच्या विनिर्देशामध्येही बायोसकडे (यंत्राच्या मूळ फर्मवेअरकडे) उपकरणाचा क्रमांक देऊन त्याच्यासाठी स्टँडबाय, सस्पेंड किंवा बंद अशी अवस्था मागता येत असे. फरक अधिकाराचा होता. एपीएममध्ये बायोस स्वतःच निष्क्रियता मोजून परस्पर निर्णय घेऊ शके. एसीपीआयने तो कारभार कार्यप्रणालीच्या हाती दिला. तेव्हा कल्पना जुनी आणि सत्तांतर १९९६ चे, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

पीसीआय या बसवरील (उपकरणे जोडणाऱ्या सामाईक मार्गावरील) उपकरणांना डी-० व डी-३ अनिवार्य, तर डी-१ व डी-२ ऐच्छिक आहेत. डी-३ चेही दोन प्रकार होतात : ‘हॉट’मध्ये मुख्य वीजपुरवठा टिकतो, ‘कोल्ड’मध्ये तो तुटतो. डी-२ मधून उठल्यावर २०० मायक्रोसेकंद, डी-३ हॉटमधून १० मिलिसेकंद थांबल्याशिवाय उपकरणाला हात लावायचा नसतो. डी-३ कोल्डसाठी लिनक्स १०० मिलिसेकंद धरते. घाई केली वा झोपलेल्या उपकरणाचे रजिस्टर (त्यातील नियंत्रण-नोंदीचा कप्पा) वाचले, तर बहुधा सर्व बिट १ असलेले मूल्य मिळते. ड्रायव्हर (उपकरण चालवणारा कर्नलमधील कोड) तेच खरे धरून चालतो आणि दोष भलत्याच ठिकाणी उघड होतो. प्रोसेसरच्याच चिपवरील घटकाचे घड्याळ (त्याला चालवणारा ठोका-संकेत) बंद असताना वाचन केले तर काही प्रोसेसरांवर थेट बस-त्रुटी येऊन कर्नल कोसळतो. शोधायला हा दुसरा प्रकार सोपा.

अवस्थेचा क्रमांक इंटरफेसमध्ये उघडा ठेवावा की नाही, हा रचनेतील खरा वाद. लिनक्समध्ये पूर्वी सिसएफएसमधील (उपकरणांची माहिती फाइलींच्या रूपात दाखवणाऱ्या व्यवस्थेतील) ‘पॉवर/स्टेट’ या फाइलीत आकडा लिहून उपकरण परस्पर झोपवता येई. आकडा लिहिणाऱ्याला उपकरणाच्या पोटात काय चालू आहे हे कळत नसे, आणि पीसीआयबाहेरच्या बसवर त्या आकड्याला ठाम अर्थ नव्हता. २००७ च्या सुमारास ही सोय निकालात निघाली. दरम्यान यूएसबीपुरती आपोआप झोपवण्याची व्यवस्था ॲलन स्टर्न यांनी उभी केली होती. राफाएल विसोत्स्की यांची सर्व बसांना लागू असलेली ‘रनटाइम पीएम’ चौकट २.६.३२ या आवृत्तीत, डिसेंबर २००९ मध्ये, आली. तिच्यात ड्रायव्हर फक्त ‘काम आहे’ वा ‘काम संपले’ एवढेच सांगतो. कोणती अवस्था घ्यायची ते बस व ऊर्जा-क्षेत्राचा (एकत्र वीज मिळणाऱ्या घटकांच्या गटाचा) कोड ठरवतो. ही विभागणी टिकली आहे आणि ती योग्यच आहे.

‘काम आहे’ म्हणजे वापर-गणकात एक वाढ, ‘संपले’ म्हणजे एक घट. गणक शून्यावर आला आणि खालची सारी अपत्य-उपकरणे (त्याच्यामार्फत जोडलेली उपकरणे) झोपलेली असली तरच उपकरण झोपू शकते. गणक वाढवून उपकरण उठवणारे ‘पीएम_रनटाइम_गेट_सिंक’ हे फंक्शन अपयशी ठरले तरी गणक वाढलेलाच राहतो. त्रुटीच्या वाटेवर तो उतरवायला विसरले की उपकरण कायमचे जागे राहते. ही चूक इतकी सार्वत्रिक होती की ५.१० आवृत्तीत, २०२० मध्ये, अपयशावर गणक आपणच उतरवणारे ‘पीएम_रनटाइम_रिझ्यूम_अँड_गेट’ आणावे लागले.

आरंभी कर्नल प्रत्येक उपकरण झोपलेलेच धरतो. म्हणून प्रोबमध्ये (ड्रायव्हर उपकरणाचा ताबा घेतो त्या टप्प्यात) व्होल्टेज रेग्युलेटर व घड्याळ चालू केल्यावर आधी ‘सेट_ॲक्टिव्ह’ (उपकरण जागे असल्याची घोषणा), मग आपोआप झोपण्यापूर्वीच्या विलंबाची मुदत, आणि शेवटी ‘एनेबल’ (रनटाइम पीएम सुरू करणे) हा क्रम पाळतात. झोपवताना नवी मागणी रोखणे, चालू डीएमए (उपकरण व मेमरी यांतील थेट देवाणघेवाण) पुरे होऊ देणे, इंटरप्ट (उपकरणाची प्रोसेसरला हाक) बंद करून चालू हँडलर संपेपर्यंत थांबणे, रजिस्टरे जतन करणे, घड्याळ आणि त्यानंतर रेग्युलेटर बंद करणे हा क्रम असतो. झोपवणाऱ्या फंक्शनने ‘ईबिझी’ (व्यग्र) वा ‘ईअगेन’ (पुन्हा प्रयत्न करा) हे त्रुटी-संकेत परत केले तर उपकरण जागे राहते, एवढेच. दुसरी कोणतीही त्रुटी गंभीर धरली जाते आणि अवस्था नव्याने घोषित करेपर्यंत चौकट त्या उपकरणाला शिवत नाही.

झोपवणे केव्हा परवडते, याचे गणित सोपे आहे. रिकामे बसलेले उपकरण ५० मिलिवॅट व झोपलेले १ मिलिवॅट खात असेल आणि झोपून उठण्याला ९८ मिलिज्यूल जादा लागत असतील, तर ९८ भागिले ४९, म्हणजे २ सेकंदांपेक्षा कमी झोप तोट्याची. स्वयंझोपेचा विलंब यावरूनच ठरवतात. यूएसबीसाठी कर्नलचा मूळ विलंबही २ सेकंदच आहे. पण हब सोडून बहुतेक यूएसबी उपकरणांची ‘पॉवर/कंट्रोल’ फाइल मुळात ‘ऑन’ असते. तिच्यात ‘ऑटो’ लिहिल्याशिवाय विलंब कितीही ठेवला तरी उपयोग नाही.

बडोद्यात विश्वामित्रीच्या पुलावर बसवण्याजोगा सौर पातळीमापक उदाहरणादाखल घेता येईल : लहान लिनक्स बोर्ड, आय-टू-सी या दोन तारांच्या बसवरचा संवेदक, यूएसबी हबमागे मोडेम. मोडेम जागा असेपर्यंत हब झोपत नाही, हब जागा असेपर्यंत यूएसबी कंट्रोलर झोपत नाही. एरवी दर १५ मिनिटांच्या नोंदीत संवेदकाची वीज पूर्ण तोडणे फायद्याचे. उठल्यावरची पहिली वाचने मात्र टाकून द्यावीत. मोडेमची वीज तोडली तर नेटवर्कवर पुन्हा नोंदणी करण्यात वेळ व ऊर्जा जाते, म्हणून त्याला यूएसबी सस्पेंडमध्ये ठेवणे बरे. पुराच्या दिवसांत नोंद मिनिटाला हवी आणि नेमके तेव्हाच ढगांमुळे सौरपट्टीचे उत्पन्न घटलेले. अवस्था ड्रायव्हरमध्येच पक्की लिहिली असेल तर येथे कोड बदलावा लागतो. उठण्याचा किती विलंब चालेल हे वरून सांगण्याची सोय असेल तर एक फाइल बदलून भागते.

ती फाइल म्हणजे ‘पीएम_क्यूओएस_रिझ्यूम_लेटन्सी_यूएस’. तिच्यात ० लिहिले तर ‘विलंबावर बंधन नाही’ असा अर्थ होतो. ‘अजिबात विलंब नको’ यासाठी ‘एन/ए’ ही अक्षरे लिहावी लागतात. अपेक्षेच्या अगदी उलट असलेली ही योजना अनेकांना फसवते. शिवाय साधी रनटाइम पीएम चौकट विलंब चालतो की नाही एवढेच पाहते. मायक्रोसेकंदांचा आकडा विचारात घेतो तो ऊर्जा-क्षेत्राचा नियामक.

झोपलेल्या संवेदकाचा वीजवापर अपेक्षेहून जास्त दिसला तर दोष इंटरफेसचा नसूही शकतो. आय-टू-सी तारांवरील पुल-अप रोध (तारेची पातळी वर ओढून ठेवणारे रोध) चालू पुरवठ्याला जोडलेले असले, तर बंद संवेदक त्याच्या संरक्षक डायोडांतून वीज ओढत राहतो. पुल-अपही त्याच रेग्युलेटरवर घेणे हा उपाय. उन्हाळ्यात ४० अंशांपुढे तापलेल्या बंद पेटीत गळती-प्रवाहही वाढतो, त्यामुळे प्रयोगशाळेतील मोजणीवरून बॅटरी निवडू नये. उपकरण खरोखर झोपते का, हे सिसएफएसमधील ‘रनटाइम_स्टेटस’ आणि मिलिसेकंदांत दिलेल्या ‘रनटाइम_सस्पेंडेड_टाइम’वरून कळते.

विंडोज ८ पासूनच्या पॉवर फ्रेमवर्कमध्ये उपकरणाच्या एकेका घटकाला एफ-० पासून पुढे क्रमांकित अवस्था आहेत. तेथेही ड्रायव्हर प्रत्येक अवस्थेचा उठण्याचा विलंब व किमान लाभदायक मुक्काम नोंदवतो आणि निवड फ्रेमवर्क करते.