पदवी न्यूट्रिशनची की डाएटेटिक्सची? अर्ज भरण्याआधी बघायच्या गोष्टी

न्यूट्रिशन आणि डाएटेटिक्स या दोन्ही पदव्यांची पहिल्या वर्षाची वेळापत्रकं शेजारी शेजारी ठेवली, तर कुठलं कुठल्या पदवीचं हे ओळखणं अवघड जाईल. जीवरसायनशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, थोडी संख्याशास्त्राची तोंडओळख. माहितीपत्रकांवरचे फोटोसुद्धा सारखेच असतात: पांढरा कोट, हातात सफरचंद. त्यामुळे ‘दोन्ही एकच, जिथे जागा मिळेल तिथे घेऊ’ असं म्हणून अर्ज भरणारे बरेच. फरक कळतो तो पदवी हातात आल्यावर, हॉस्पिटलच्या जाहिरातीत ‘नोंदणीकृत डाएटिशियन’ असे दोन शब्द दिसतात तेव्हा.

थोडक्यात सांगायचं तर न्यूट्रिशन ही विज्ञानाची पदवी आहे. अन्नातले घटक शरीरात काय करतात, कमी-जास्त झाले तर काय होतं, हे ती शिकवते. मान्यताप्राप्त डाएटेटिक्सची पदवी हेच विज्ञान शिकवते आणि त्यापुढे जाऊन आजारी माणसावर आहारातून उपचार करण्याची जबाबदारी घ्यायला तयार करते. ती जबाबदारी कुणी घ्यायची हे अनेक देशांत कायद्याने ठरलेलं असतं. सगळा घोळ तिथेच आहे, अभ्यासक्रमात फारसा नाही.

फिनाइलकीटोन्युरिया या आजाराचं उदाहरण घेऊ. १९३४ साली नॉर्वेतल्या आस्ब्यर्न फलिंग या डॉक्टरांनी बौद्धिक वाढ खुंटलेल्या दोन भावंडांच्या लघवीत फिनाइलपायरुविक आम्ल शोधून काढलं. या मुलांच्या शरीराला फिनाइलअ‍ॅलनीन या अमिनो आम्लाचं (प्रथिनांच्या एका घटकाचं) विघटन नीट जमत नाही, ते साठत जातं आणि मेंदूला इजा करतं. आजार ओळखला गेला, पण त्यावर आहाराचा उपचार यायला १९५३ साल उजाडलं. बर्मिंगहॅममध्ये हॉर्स्ट बिकेल आणि सहकाऱ्यांनी फिनाइलअ‍ॅलनीन अगदी कमी असलेला आहार एका मुलीला देऊन पाहिला आणि तिच्यात सुधारणा दिसली.

हे अमिनो आम्ल शरीर स्वतः तयार करू शकत नाही, म्हणून ते आहारातून पूर्ण काढूनही टाकता येत नाही. इथवरचं ज्ञान न्यूट्रिशनच्या विद्यार्थ्यालाही असतं. पण समोर एक ठरावीक मूल आहे. त्याचं वजन वाढतंय, कालपासून ताप आहे, रक्तातली पातळी चढली आहे आणि आई म्हणते की खाण्यात तर काहीच चुकलं नाही. तापात शरीर स्वतःचीच प्रथिनं मोडतं, त्यामुळे पथ्य काटेकोर पाळूनही पातळी चढते. हे लक्षात घेऊन आज या मुलाला नेमकं काय आणि किती द्यायचं ते ठरवायचं, डॉक्टरांशी बोलायचं, आणि आईच्या मनातली अपराधी भावना दूर करायची. डाएटेटिक्स म्हणतात ते हेच.

यावरून न्यूट्रिशन म्हणजे अर्धवट डाएटेटिक्स असा निष्कर्ष कुणी काढू नये. फॉलिक अ‍ॅसिडचंच बघा. १९९१ मध्ये ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलच्या चाचणीतून सिद्ध झालं की, ज्यांच्या आधीच्या बाळात मज्जारज्जूचा दोष होता अशा स्त्रियांनी गर्भधारणेच्या आधीपासून फॉलिक अ‍ॅसिड घेतलं, तर तो दोष पुन्हा होण्याचा धोका ७२ टक्क्यांनी कमी होतो. पण गर्भात ज्या नलिकेपासून मेंदू आणि मज्जारज्जू बनतो ती मज्जानलिका गर्भधारणेनंतर साधारण २८ दिवसांत बंद होते, आणि तोवर अनेकींना दिवस गेल्याचा पत्ताही नसतो. म्हणजे दवाखान्यात समोर बसवून एकेकीला सल्ला देईपर्यंत वेळ निघून गेलेली असते. अमेरिकेने १९९८ पासून ते समृद्ध केलेल्या पिठात घालणं सक्तीचं केलं ते यासाठीच. असे प्रश्न अख्ख्या लोकसंख्येचे असतात. ज्याला आकडेवारी, धोरण, प्रयोगशाळा किंवा अन्नउद्योग खुणावतो, त्याने डाएटेटिक्सची जागा अडवून वॉर्डात मन मारत फिरू नये.

आता कायद्याकडे. ब्रिटनमध्ये ‘डाएटिशियन’ हे नाव कायद्याने राखलेलं आहे. हेल्थ अँड केअर प्रोफेशन्स कौन्सिलकडे नोंदणी नसताना ते लावणं हा गुन्हा ठरतो. ‘न्यूट्रिशनिस्ट’ला मात्र असं संरक्षण नाही. असोसिएशन फॉर न्यूट्रिशनची नोंदवही आहे, पण ती ऐच्छिक. अमेरिकेत नोंदणीकृत डाएटिशियनच्या परीक्षेला बसायला १ जानेवारी २०२४ पासून किमान पदव्युत्तर पदवी लागते, आणि देखरेखीखालचं किमान १००० तासांचं प्रत्यक्ष काम. डाएटिशियनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या किमान मानकात पदवी आणि ५०० तासांचं प्रशिक्षण आहे. प्रत्येक देशाचा नियम निराळा. म्हणून जिथे शिकायचंय त्या देशाआधी जिथे नोकरी करायचीय त्या देशाचा नियम वाचावा. लोक नेमकं उलट करतात.

एक गोष्ट सहसा कुणी स्पष्ट सांगत नाही: हा रस्ता दोन्ही बाजूंनी सारखा खुला नाही. डाएटिशियन न्यूट्रिशनची बहुतेक कामं करू शकतो. न्यूट्रिशनच्या पदवीधराला डाएटिशियन व्हायचं असेल तर पुन्हा शिकावं लागतं. ब्रिटनमध्ये त्यासाठीचा पदव्युत्तर अभ्यासक्रम साधारण दोन वर्षांचा असतो. मन अजून ठरलं नसेल आणि दोन्हीकडे जागा मिळत असेल, तर माझं मत डाएटेटिक्सच्या बाजूने पडेल.

माहितीपत्रक वाचताना

सगळ्यात फसवं नाव ‘क्लिनिकल न्यूट्रिशन’. ऐकायला हॉस्पिटलचं वाटतं, पण त्यातून नोंदणीची पात्रता मिळेलच असं नाही. ‘न्यूट्रिशन अँड डाएटेटिक्स’ असं जोडनाव असेल तर दोन्हीपैकी काहीही निघू शकतं. त्यामुळे नावावर न जाता दोन गोष्टी शोधा. एक, नोंदणी करणाऱ्या किंवा तिच्या वतीने अभ्यासक्रम तपासणाऱ्या संस्थेची मान्यता या अभ्यासक्रमाला आहे का. विद्यापीठाला असलेली सर्वसाधारण मान्यता इथे कामाची नाही. दोन, प्रशिक्षणाचे तास आकड्यात लिहिलेत का. ‘प्रात्यक्षिक अनुभवाच्या भरपूर संधी’ असं वाक्य असेल तर समजून घ्यावं.

तासांचा एवढा आग्रह का, ते वॉर्डात कळतं. कित्येक दिवस उपाशी असलेल्या रुग्णाला एकदम भरपूर पोषण दिलं तर रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम घसरतं आणि जिवावर बेततं. याला रीफीडिंग सिंड्रोम म्हणतात. नाकातून नळी घातलेल्या रुग्णाला ताशी किती मिलिलिटर आहार सुरू करायचा, तो कसा वाढवायचा, हे त्यामुळे हिशेबाने ठरवावं लागतं. गिळता न येणाऱ्यांसाठी पेय आणि अन्नाच्या दाटपणाच्या ० ते ७ अशा आंतरराष्ट्रीय पायऱ्या आहेत. पायरी चुकली तर घास श्वासनलिकेत जाऊ शकतो. वॉरफरिन हे रक्ताच्या गुठळ्या रोखणारं औषध घेणाऱ्या रुग्णाला ‘पालेभाज्या बंद’ असं सांगून चालत नाही, कारण महत्त्व असतं ते व्हिटॅमिन केचं प्रमाण रोज साधारण तेवढंच राहण्याला. हे सगळं पुस्तकात असतं. पण समोरचा म्हणतो, ‘मला नाही जमणार हे,’ तेव्हा पुढे काय बोलायचं हे कुणाच्या तरी देखरेखीखाली चुकतमाकतच शिकावं लागतं.

तयारी

विषयांचं बोलायचं तर रसायनशास्त्र टाळून चालत नाही. जीवशास्त्र आवडतं पण रसायनाचा कंटाळा, अशी मुलं दोन्ही पदव्यांच्या पहिल्याच वर्षी अडखळतात. गणित अवघड नसतं, पण अचूक लागतं: एकक बदलणं, प्रमाण काढणं, कागदावर, न चुकता.

खरा फरक निवडीच्या पद्धतीत. न्यूट्रिशनला पुष्कळ ठिकाणी गुणांवर प्रवेश होतो. डाएटेटिक्सला मुलाखत असू शकते, शिवाय प्रशिक्षणात रुग्णांशी संबंध येतो म्हणून आरोग्य तपासणी, लसीकरणाच्या नोंदी आणि पूर्वचारित्र्याची पडताळणीही. ही कागदपत्रं वेळ खातात, आधीपासून जमवायला घ्यावीत. प्रशिक्षणाचं हॉस्पिटल घरापासून लांब पडू शकतं, तोही खर्च धरावा.

मुलाखतीत ‘मला हेल्दी खाण्याची आवड आहे’ हे उत्तर ऐकून पॅनल कंटाळलेलं असतं. ‘मी स्वतः इतकं वजन कमी केलं’ हे तर त्याहून अवघड, कारण त्यातून विषय रुग्णाचा न राहता तुमचा होतो. त्यांना बघायचं असतं की समोरच्याला जमेल तेवढ्यातून वाट काढायची तुमची तयारी आहे का. ‘न्यूट्रिशन का नाही?’ हा प्रश्न जवळजवळ ठरलेला, त्याचं उत्तर पाठ न करता खरोखर विचार करून ठेवा.

डाएटिशियनबरोबर एखादा दिवस घालवता आला तर उत्तम, पण रुग्णांच्या खासगीपणामुळे बरीच हॉस्पिटलं बाहेरच्यांना आत घेत नाहीत. मग वृद्धाश्रमात जेवण भरवायला मदत करावी. तिथे एक वाटी संपवायला अर्धा तास कसा लागतो हे दिसतं, आणि अर्जात लिहायला काहीतरी खरंखुरं मिळतं.

डाएटेटिक्सला जागा मिळालीच नाही आणि न्यूट्रिशन घेऊन पुढे वळायचा बेत असेल, तर तो आजच तपासा. पदव्युत्तर अभ्यासक्रमांना पदवीत जीवरसायनशास्त्र आणि शरीरक्रियाशास्त्र पुरेसं झालेलं लागतं, आणि न्यूट्रिशनच्या प्रत्येक पदवीत ते तेवढं असतंच असं नाही. ज्या अभ्यासक्रमाला पुढे जायचंय त्यांना आधी मेल टाका, आताच्या पदवीची विषययादी जोडा आणि ‘ही चालेल का?’ याचं उत्तर लेखी घ्या.